कॉफी घेताना ऑर्गॅनिकचा शिक्का बघायचा की शेतकरी?

पुण्यात आता गल्लोगल्ली कॉफी रोस्टर, म्हणजे बिया भाजून विकणारे, झालेत, कुणाच्या पाकिटावर ऑर्गॅनिक तर कुणाच्या 'थेट शेतकऱ्याकडून', तर मी इथे कोथरूडात कॉफी घेताना काय बघतो ते सांगतो.

आधी पाकीट उलटं करा. नुसतं ऑर्गॅनिक छापलेलं धरू नका, जैविक भारतचा, म्हणजे सरकारी लोगो पाहिजे. एनपीओपीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या सेंद्रिय शेती कार्यक्रमाचं सर्टिफिकेट असेल तर बाहेरची संस्था दरवर्षी तपासणी करते, आणि कॉफी बहुवर्षायू पीक म्हणून साधं शेत ऑर्गॅनिक व्हायला 3 वर्षं जातात, म्हणजे तेवढी वर्षं रासायनिक खत-औषध बंद आणि माल ऑर्गॅनिक म्हणून विकताही येत नाही. छोट्या शेतकऱ्याला एकट्याला हे झेपत नाही म्हणून गट करतात, पण मग सर्टिफिकेट गटाच्या नावावर, त्याला उद्या दुसरीकडे विकायचं झालं तर ते सोबत नेता येत नाही. आणि त्याला किलोमागे काय मिळालं हे लोगोत कुठेच नसतं, मला हेच खटकतं.

'थेट' मात्र कुणीही छापू शकतं, म्हणून रोस्टरला सरळ विचारा, इस्टेट कुठली, यांच्याकडून घेताय ते कितवं वर्ष, पैसे माल उचलतानाच दिले का. भाव सांगितला तर कशाचा ते विचारा, चेरीचा (झाडावरचं ताजं फळ), पार्चमेंटचा (गर काढून वाळवलेली, टरफलासकट बी) की ग्रीन बीनचा (टरफल काढलेली, न भाजलेली बी). अरेबिका जातीच्या कॉफीच्या साधारण 6 किलो चेरीतून 1 किलो ग्रीन बीन निघतं, भाजताना आणखी 15 टक्के वजन जातं, म्हणजे तुमच्या पाव किलोच्या पाकिटामागे जवळजवळ पावणेदोन किलो चेरी हाताने तोडलेली असते!

शेतकऱ्याचा नंबर मिळाला तर खोडकिड्याचं, म्हणजे कॉफीचं खोड पोखरणाऱ्या किडीचं काय करता एवढंच विचारा. मी चिकमगळूरच्या एका काकांना विचारलं तर ते अर्धा तास बोलत होते, सावली किती ठेवायची, खोडाची सुटी साल कशी घासून काढायची, कीड लागलेलं झाड उपटून जाळावं लागतं तेव्हा कसं वाटतं. सर्टिफिकेट नाहीये त्यांच्याकडे, पण मी दोन वर्षं त्यांचीच कॉफी घेतोय. असं कुणी ओळखीचं नसेल आणि दुकानातूनच घ्यायची असेल तर लोगोवालीच घ्या.

आणि फोन तोडणीच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत नका करू. मार्चमध्ये करा, तेव्हा ते पावसाची वाट बघत असतात, त्या एका सरीवर सगळी फुलं येतात, बोलायला निवांत वेळ असतो.