बर्फ फूटभर, ट्रेल तरीही बंद: स्नोमोबिल हंगामाच्या तोंडावर या चुका टाळा

नोव्हेंबर 2022 मध्ये ईरी सरोवरावरून आलेल्या वादळाने न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराच्या दक्षिणेकडील ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग या गावांवर 17 ते 20 तारखेदरम्यान सहा फुटांहून अधिक बर्फ ओतला. गाड्या दिसेनाशा झाल्या, रस्ते बंद पडले, आणि गॅरेजमध्ये मार्चपासून उभ्या असलेल्या स्नोमोबिलच्या, म्हणजे बर्फावरून धावणाऱ्या गाड्यांच्या, मालकांना वाटले की आता आपलेच दिवस आले. प्रत्यक्षात स्थानिक स्नोमोबिल क्लबांनी राखलेल्या वाटा, म्हणजे ट्रेल, बंद होते. वादळ सुरू असतानाच, 19 नोव्हेंबरला, राज्याच्या दक्षिण विभागात हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम सुरू झाला होता आणि तो 11 डिसेंबरपर्यंत चालणार होता. शिवाय बर्फाखालची जमीन अजून मऊ होती. ट्रेल उघडण्यासाठी ज्या गोष्टी जुळून याव्या लागतात, त्यांपैकी बर्फ ही एकच गोष्ट आली होती आणि बाकीच्या यायच्या होत्या.

दर वर्षी हंगामाच्या तोंडावर याच गोष्टीवरून तक्रारी होतात. थँक्सगिव्हिंगच्या किंवा नाताळच्या सुट्टीत न्यू जर्सीहून किंवा टोरांटोहून पाच-सहा तास गाडी हाकत उत्तरेकडे जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्याही त्यांत असतात. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी पुढील चुकांपैकी एखादी असते.

अंगणातला बर्फ मोजून ट्रेलचा अंदाज बांधणे

सरोवरांवरून येणाऱ्या थंड वाऱ्याने पडणारा बर्फ अत्यंत हलका असतो. वीस इंच बर्फ वितळवला, तर कित्येकदा त्यातून जेमतेम एक इंच पाणी निघते. असा फूटभर बर्फ यंत्राखाली दाबला की हाती दोन-तीन इंचांचा थर उरतो, आणि खडक, झाडांची मुळे व तोडलेल्या झुडपांचे खुंट झाकण्यास तो पुरत नाही. त्यातच ट्रेलचा मोठा भाग हेमलॉक आणि स्प्रूस यांच्या दाट रानातून जातो. तेथे पडणाऱ्या बर्फाचा बराच वाटा फांद्यांवरच अडकतो, त्यामुळे उघड्या अंगणात गुडघाभर बर्फ असताना झाडांखाली पाचोळा दिसत असतो. गावातील वेबकॅमेरा पार्किंगची जागा दाखवतो, ट्रेल दाखवत नाही. म्हणून त्यातील चित्रावर विसंबून गाडी ट्रेलरवर चढवू नये.

बर्फाखालच्या जमिनीचा विचार न करणे

ही सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित चूक आहे. लवकर पडलेला जाड बर्फ हंगामाला मदत करतो असा सर्वसाधारण समज आहे, पण जमीन गोठण्यापूर्वी तो पडला तर परिणाम नेमका उलटा होतो. बर्फाच्या थरात हवा कोंडलेली असते, आणि गोधडीखाली अंग उबदार राहावे तशी त्याखालची जमीन आपली उष्णता धरून ठेवते. मग बाहेर पारा शून्याच्या कितीही खाली उतरला, तरी दलदलीचा भाग, झऱ्यांच्या कडा आणि बीव्हरने बांध घातल्यामुळे साचलेली डबकी आठवडेच्या आठवडे गोठत नाहीत. हंगामाच्या दृष्टीने आदर्श क्रम असा: आधी दहा-पंधरा दिवस कोरडी, कडाक्याची थंडी पडावी आणि त्यानंतर बर्फ यावा. निसर्ग हा क्रम क्वचितच पाळतो.

पाचशे-सहाशे पौंडांची स्नोमोबिल अशा मऊ जागेवरून एखाद्या वेळी निभावून जाईल. पण ट्रेल सपाट करणारा ग्रूमर कित्येक टनांचा असतो आणि त्याच्यामागे लोखंडी पात्यांचा लांबलचक ड्रॅग जोडलेला असतो. तो दलदलीत रुतला, तर त्याला बाहेर काढण्यासाठी दुसरे अवजड यंत्र आणावे लागते, आणि क्लबकडे अशी यंत्रे मोजकीच असतात. तो रुतला नाही तरी मागे फूटभर खोल चाकोऱ्या सोडतो. पुढच्या थंडीत त्या चाकोऱ्या दगडासारख्या घट्ट होतात आणि हंगामभर त्रास देतात. आणखी एक बारकावा असा की ड्रॅगच्या पात्यांनी खालचा चिखल वर आणला की ट्रेलवरील बर्फ तपकिरी होतो. हा मळकट बर्फ पांढऱ्या बर्फापेक्षा अधिक ऊन शोषतो, त्यामुळे आजूबाजूचे रान पांढरेशुभ्र असताना नेमका ट्रेलच आधी वितळतो. म्हणूनच अनुभवी क्लब पहिल्या बर्फावर ड्रॅग फिरवण्याची घाई करत नाहीत. आधी हलक्या यंत्राने किंवा रोलरने तो दाबतात, म्हणजे त्यातील हवा निघून जाते आणि थंडी जमिनीपर्यंत पोचते. हे काम चालू असताना ट्रेलवर यंत्रांच्या खुणा दिसतात, पण ट्रेल उघडलेला नसतो.

शिकारीचा हंगाम आणि जमीनमालक यांना विसरणे

न्यूयॉर्क राज्यात दहा हजार मैलांहून अधिक लांबीचे स्नोमोबिल ट्रेल आहेत आणि त्यांचा बराच मोठा भाग खासगी जमिनीवरून जातो. शेतकरी, दुग्धव्यावसायिक, लाकूड कंपन्या आणि सुट्टीपुरते येणारे कॅबिनमालक वर्षातील ठरावीक काळासाठी तोंडी किंवा लेखी परवानगी देतात. बहुतेकांची अट एकच असते, ती म्हणजे शिकारीचा हंगाम संपेपर्यंत कोणीही यायचे नाही. ही अट अवाजवी म्हणता येणार नाही. रानात भरलेल्या रायफली घेऊन बसलेली माणसे असताना त्याच रानातून ताशी चाळीस मैलांनी यंत्रे धावणे धोक्याचे आहे. शिवाय अनेक मालक शिकारीचे हक्क भाड्याने देतात आणि त्यावर त्यांचा मालमत्ता कर भागतो.

उत्तर आणि दक्षिण या दोन्ही विभागांतील मुख्य हंगाम साधारणपणे डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारपर्यंत चालतो. त्यानंतर दक्षिणेत धनुष्यबाण आणि पूर्वीच्या पद्धतीच्या, नळीतून भरायच्या बंदुकांसाठी वेगळा काळ असतो. 2021 पासून त्यात 26 डिसेंबर ते 1 जानेवारी हा सुट्टीतील शिकारीचा आठवडाही जोडला गेला. स्नोमोबिल क्लबांनी त्याला जोरदार हरकत घेतली, कारण काही मालक आता जानेवारी उजाडल्याखेरीज फाटक उघडणार नाहीत, अशी रास्त भीती त्यांना होती. पुढे या आठवड्यातून बाहेर पडण्याची मुभा काउंटींना, म्हणजे जिल्ह्यांना, देण्यात आली, त्यामुळे शेजारच्या दोन काउंटींत दोन वेगळी वेळापत्रके असू शकतात. आपण ज्या काउंटीत जाणार आहोत, तिचीच माहिती काढावी.

शेतीचे कारण शिकारीइतके चर्चेत येत नाही, पण ते तितकेच खरे आहे. ओल्या शरदात मका डिसेंबरपर्यंत उभा राहतो आणि त्याच शेतातून ट्रेल जात असेल, तर कापणी होईपर्यंत तो भाग बंद ठेवावा लागतो. हिवाळी गहू किंवा अल्फाल्फा पेरलेल्या शेतात अपुऱ्या बर्फावरून गाड्या गेल्या, तर दाबलेल्या बर्फाचा कडक थर खालच्या पिकाचा श्वास कोंडतो आणि वसंतात त्या जागी पिवळे पट्टे दिसतात. मालकाने एकदा असे पट्टे पाहिले की पुढच्या वर्षीची परवानगी गेलीच म्हणून समजा. एका शेताची परवानगी गेली, तर त्या शेताच्या दोन्ही बाजूंचे कितीतरी मैल निरुपयोगी होतात. माझ्या मते बंद ट्रेलवर गाडी घालणारा माणूस जितके नुकसान करतो, तितके एखादा बर्फहीन हिवाळाही करत नाही. बर्फ पुढच्या वर्षी पुन्हा येतो, पण तुटलेला ट्रेल नव्या मालकांचे दार ठोठावून, वळसे काढून पुन्हा जोडण्यात वर्षे जातात.

नोंदणीशुल्क भरले म्हणजे वाट आपली झाली असे मानणे

न्यूयॉर्कमध्ये स्नोमोबिलच्या नोंदणीसाठी क्लबच्या सदस्याला कमी आणि सदस्य नसलेल्याला जास्त शुल्क मोजावे लागते. या रकमेतून ट्रेलच्या देखभालीचा निधी उभा राहतो. मात्र त्या पावतीने दुसऱ्याच्या जमिनीवर जाण्याचा हक्क मिळत नाही. ट्रेल बंद असताना ती जमीन पूर्णपणे मालकाची असते आणि तेथे शिरणे म्हणजे अतिक्रमण होय. वाटेवर ‘बंद’ अशी पाटी नाही म्हणून ती खुली आहे, हा युक्तिवादही टिकत नाही. हंगामाच्या सुरुवातीला पाट्याच लागलेल्या नसतात, हे तर ट्रेल बंद असण्याचे एक कारण आहे. पडलेली झाडे कापणे, वाढलेली झुडपे छाटणे, लाकडी पुलांच्या फळ्या तपासणे, फाटके उघडणे, वळणांवर आणि रस्ता ओलांडण्याच्या जागी खुणा ठोकणे ही सर्व कामे स्वयंसेवक आपली नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी करतात, आणि शिकारीचा हंगाम संपेपर्यंत अनेक जमिनींवर त्यांनाही पाऊल टाकता येत नाही.

पुढे गेलेल्या गाडीच्या खुणांमागे जाणे

ट्रेलवर पट्ट्याच्या ताज्या खुणा दिसल्या की मन सहज मोहात पडते. त्या खुणा जमीनमालकाच्या स्वतःच्या गाडीच्या असू शकतात, पाट्या लावायला निघालेल्या स्वयंसेवकाच्या असू शकतात किंवा नियम मोडणाऱ्या एखाद्याच्या असू शकतात. पुढे अर्ध्या मैलावर आडवे पडलेले झाड किंवा शेतकऱ्याने बांधलेली तार असेल, तर त्या खुणा काही सांगत नाहीत.

गोठलेल्या तळ्यावर बर्फ दिसला म्हणून निर्धास्त होणे

तळ्यावरचा बर्फ जमिनीपेक्षाही अधिक फसवा असतो. पातळ गोठलेल्या थरावर जाड बर्फ साचला, तर त्याच्या वजनाने थर खाली दबतो, भेगांतून पाणी वर येते आणि बर्फाखाली चिखलासारखा गारा तयार होतो. शिवाय वरच्या बर्फामुळे पाणी पुढे गोठण्याचा वेग मंदावतो. मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मार्गदर्शनानुसार स्नोमोबिलसाठी नव्याने गोठलेला, स्वच्छ पारदर्शक थर किमान 5 ते 7 इंच असावा लागतो आणि थर पांढुरका असेल, तर जाडी दुप्पट लागते. ओढ्याचे मुख, पुलाखालची जागा आणि अरुंद खाडी येथे प्रवाहामुळे थर पातळ राहतो. ट्रेलचा एखादा टप्पा तळ्यावरून जात असेल, तर बाकी सर्व तयार असूनही क्लब तो भाग थांबवून ठेवतात.

अपुऱ्या बर्फात गाडी देत असलेल्या इशाऱ्यांकडे काणाडोळा करणे

ट्रेल अधिकृतपणे उघडल्यानंतरही पहिल्या आठवड्यांत थर पातळ असतो आणि त्याचा त्रास गाडीला जाणवतो. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांत उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या गाडीच्या ‘टनेल’खाली, म्हणजे रबरी पट्ट्यावरच्या धातूच्या आच्छादनाखाली, असतात, आणि फिरणारा रबरी पट्टा सैल बर्फ उडवून त्यांवर फेकतो, तेव्हाच त्या थंड राहतात. ट्रेल कडक आणि उघडा असेल, तर बर्फ उडत नाही, तापमानाचा काटा चढतो आणि इशाऱ्याचा दिवा लागतो. अशा वेळी वेग वाढवून उपयोग होत नाही. ट्रेलच्या आतच कडेला जेथे सैल बर्फ असेल, तेथून सावकाश जावे, बर्फ खरवडणारे स्क्रॅचर खाली सोडावेत आणि काटा उतरत नसेल, तर इंजिन बंद करून थांबावे.

दुसरी खूण वासाने कळते. पट्टा ज्या प्लास्टिकच्या हायफॅक्स पट्टीवरून सरकतो, तिला वंगण म्हणून बर्फच लागतो. तो मिळाला नाही, तर पट्टी तापून वितळू लागते, जळक्या प्लास्टिकचा वास येतो आणि पट्ट्याच्या धातूच्या क्लिपांवर काळे ओरखडे दिसतात. थोडे अंतर गेल्यावर थांबून खाली वाकून पाहावे. पट्टीवरील झिजेची रेषा जवळ आली असेल, तर पुढे न जाता ती बदलून घ्यावी. तापलेली गाडी आणि जळणारी पट्टी एकाच वेळी दिसली, तर त्या दिवशीचा ट्रेल अजून पुरेसा तयार नाही असे समजून परतावे.

एका राज्याची तारीख दुसऱ्या राज्याला लावणे

व्हर्मॉंटमधील राज्यव्यापी ट्रेल परिस्थिती अनुकूल असल्यास 16 डिसेंबरला उघडतात आणि 15 एप्रिलला बंद होतात, 16 डिसेंबरपूर्वी कितीही बर्फ पडला तरी उघडण्याची तारीख हलत नाही. विस्कॉन्सिनमध्ये निर्णय काउंटी घेते आणि ती उघडल्याचे जाहीर करेपर्यंत ट्रेल बंदच मानावा लागतो. ऑन्टारियोमध्ये प्रांतिक महासंघाच्या नकाशावर प्रत्येक ट्रेल हिरवा, पिवळा किंवा लाल दाखवलेला असतो. लाल म्हणजे बंद आणि पिवळा म्हणजे मर्यादित उपलब्ध, तेथे वेग कमी ठेवून सावध राहावे लागते. न्यूयॉर्कमध्ये स्थानिक क्लबची सूचना हाच खात्रीचा आधार आहे. ती निघण्याच्या आदल्या रात्री एकदा आणि सकाळी पुन्हा पाहावी, कारण पाऊस पडला तर उघडलेला ट्रेल एका रात्रीत बंद होऊ शकतो.

सुट्टीचे आरक्षण करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वार्षिक सरासरी दोनशे इंचांहून अधिक बर्फ पडणाऱ्या न्यूयॉर्कमधील टग हिल पठारावरही डिसेंबरच्या पूर्वार्धाची शाश्वती कोणी देत नाही, आणि जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर हा काळ तुलनेने भरवशाचा असतो. नाताळातच जायचे असेल, तर स्नोमोबिल भाड्याने देणाऱ्याला आधी विचारावे की त्याची सहल क्लबच्या ट्रेलवरून जाते की त्याच्या स्वतःच्या जमिनीवरून. ट्रेल बंद राहिल्यास पैसे परत मिळतात की केवळ तारीख बदलून मिळते, हेही आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे.