‘कमिटमेंट’ हा शब्द नेमका कसा वापरावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी माणूस घरात मराठी बोलतो, कचेरीत कन्नड ऐकतो आणि नोकरीचा अर्ज इंग्रजीत लिहितो. ‘कमिटमेंट’ हा शब्द या तिन्ही भाषांत फिरतो आणि फिरताना सैल होतो. खडेबाजारातला शिंपी दिवाळीपूर्वी कपडे देण्याची कमिटमेंट देतो, पुढारी सीमाभागाशी आपली कमिटमेंट सांगतो आणि कर्ज देणारा अधिकारी महिन्याच्या कमिटमेंट किती आहेत असे विचारतो. शब्द एकच असला तरी गोष्टी तीन आहेत.

म्हणून सर्वप्रथम, कोण कशाने बांधला गेला आहे, हा प्रश्न विचारावा. या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा एक अर्थ ‘सोपवणे’ असा आहे. माणूस आपला वेळ, पैसा किंवा निष्ठा कशाच्या तरी स्वाधीन करतो, आणि मग तिथून मोकळेपणाने परत फिरणे त्याच्या हातात उरत नाही. कमिटमेंटच्या सर्व छटा या एका कल्पनेतून निघतात.

त्यानंतर मराठी शब्द निवडावा, आणि इथे घाई करू नये. शिंप्याने दिला तो ‘शब्द’. शब्द दिला जातो, पाळला जातो, फिरवलाही जातो, आणि त्याला मुदत असते. आपले कन्नड शेजारीही वचन देण्याला ‘मातु कोडु’, म्हणजे ‘बोल देणे’, असेच म्हणतात. पुढारी सांगतो ती ‘बांधिलकी’. तिला मुदत नसते. ती मानावी आणि जपावी लागते, आणि ती कोणाशी तरी असते, म्हणून ‘शेतकऱ्यांशी बांधिलकी’ असे लिहावे, पण ‘शेतकऱ्यांना वचन’. एखादे काम तडीस नेण्याचा निश्चय सांगायचा असेल तर ‘कटिबद्ध’ हा शब्द चपखल बसतो, कारण त्याचा शब्दशः अर्थच कंबर कसलेला असा आहे. घरगुती बोलण्यात ‘विडा उचलणे’ अधिक शोभते. कर्जाच्या अर्जावरील कमिटमेंट म्हणजे हप्ते, भाडे, शाळेची फी अशी ठरलेली ‘देणी’. ‘वचनबद्धता’ हा शब्द चुकीचा नाही, पण भाषांतरित जाहिरातींनी तो इतका झिजवला आहे की, माझ्या मते, तो अगदी अडल्याशिवाय वापरू नये.

इंग्रजीत लिहिताना मुख्य अडचण व्याकरणाची असते. ‘कमिटेड टु’ यातील ‘टु’ हे शब्दयोगी आहे, म्हणून त्याच्यापुढे नाम किंवा ‘इंग’ लागलेले रूप येते. ‘आय ॲम कमिटेड टु टीचिंग’ असे लिहावे. आपल्याकडच्या मराठी माध्यमातून शिकलेल्या कितीतरी हुशार मुलांच्या अर्जांत मी ‘टु टीच’ वाचले आहे, आणि चूक दाखवली की ती एका बैठकीत सुधारते. मात्र ‘आय कमिट मायसेल्फ टु’ या रचनेतही हाच नियम पाळावा, हे त्यांना वेगळे सांगावे लागते. कमिटमेंट केली हे सांगण्यासाठी ‘मेक’ आणि पाळली यासाठी ‘कीप’ किंवा ‘ऑनर’ ही क्रियापदे वापरावीत. स्पेलिंगमध्ये ‘कमिटेड’ला दोन टी लागोपाठ येतात, तर ‘कमिटमेंट’मध्ये ‘मेंट’च्या आधी एकच, एम मात्र दोन्हींत सुरुवातीला जोडीनेच येतो.

लग्नाचे किंवा सभेचे निमंत्रण नाकारताना ‘प्रायर कमिटमेंट’ असे लिहिले तर त्याचा अर्थ फक्त ‘आधीच ठरलेले काम’ एवढाच होतो. मराठीत उत्तर देताना तिथे बांधिलकी किंवा वचन यांपैकी काहीही आणू नये. ‘त्या दिवशी आधीच एक काम ठरले आहे, क्षमस्व’ एवढे लिहिणे पुरेसे आहे.