मल्टी-मॉड्यूल प्रोजेक्टच्या टेस्ट रखडतात? बिल्ड टूल बदलण्याआधी या चुका टाळा

महाप्याच्या एमआयडीसीत आमचं ऑफिस आहे. तिथे ४० मॉड्यूल्सचा, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या ४० भागांचा, एक जावा प्रोजेक्ट आम्ही सांभाळतो. एक ओळ बदलून टेस्ट लावली की अर्धा तास गेलाच. तेवढ्यात ठाण्याला ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून माणूस वाशीला उतरतो. टीममध्ये एकच सूर होता, मेव्हन सोडा आणि ग्रेडल घ्या (दोन्ही कोड कंपाइल करून टेस्ट चालवणारी बिल्ड टूल्स). पण वेळ नेमका कुठे जातो हे कोणी मोजलंच नव्हतं. मोजायला बसलो तेव्हा बराचसा वेळ आमच्या सवयींनीच खाल्लेला निघाला.

दर वेळी ‘क्लीन इन्स्टॉल’

ही सर्वांत महागडी सवय. ‘क्लीन’ म्हटलं की टार्गेट फोल्डर पुसलं जातं आणि आधी कंपाइल झालेलं सगळं पुन्हा करावं लागतं. रोजच्या टेस्टसाठी ‘टेस्ट’ किंवा ‘व्हेरिफाय’ पुरतं.

हे कळल्यावर लोक ‘-पीएल’ (ठरावीक मॉड्यूल निवडायचा पर्याय) वापरून एकच मॉड्यूल चालवू लागतात, आणि इथे खरा सापळा आहे. सोबत ‘-एएम’ (ते मॉड्यूल ज्यांवर अवलंबून आहे तेही बिल्ड कर) दिलं नाही, तर शेजारच्या मॉड्यूलची जार, म्हणजे तयार पॅकेज, मेव्हन आपल्या मशीनवरच्या लोकल रिपॉझिटरीतून उचलतो, म्हणजे तुम्ही मागे कधीतरी इन्स्टॉल केलेली. तुमचा ताजा बदल त्यात नसतो. टेस्ट हिरवी दिसते, पण ती जुन्या कोडवर चाललेली असते. अशा एका हिरव्या टेस्टमागे आमचे दोन दिवस गेले. म्हणून ‘-पीएल’ एकटं कधीच वापरू नका.

‘-एएम’ सोबत एकाच टेस्ट क्लासचं नाव दिलं, तर ज्या मॉड्यूलमध्ये तो क्लास नाही तिथे बिल्ड पडतो. त्यासाठी मेव्हनमध्ये टेस्ट चालवणाऱ्या शुअरफायर प्लगइनची ‘फेल इफ नो स्पेसिफाइड टेस्ट्स’ ही सेटिंग फॉल्स करायची.

सगळं ‘कॉमन’मध्ये कोंबणं

तारखेचं फॉरमॅटिंग, पैशांचं गणित, लॉगिंग, काय वाटेल ते कॉमन मॉड्यूलमध्ये जातं. मग त्यातली एक ओळ हलली की चाळीसही मॉड्यूल्स हलतात. ग्रेडलमध्ये डिपेंडन्सी ‘एपीआय’ऐवजी ‘इम्प्लिमेंटेशन’ म्हणून लिहिली, म्हणजे ती पुढच्या मॉड्यूल्सना दिसत नाही, तर अनावश्यक कंपाइल टळतं, हे खरं. पण टेस्ट रनटाइम क्लासपाथवर, म्हणजे चालताना लागणाऱ्या सगळ्या कोडवर, अवलंबून असतात, त्यामुळे त्या पुन्हा चालतातच. मॉड्यूल फोडल्याशिवाय कुठलंही टूल इथे कामी येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तयारीशिवाय पॅरलल

मेव्हनला ‘-टी १सी’ दिलं की प्रोसेसरच्या दर कोअरमागे एक थ्रेड मिळतो, म्हणजे अनेक मॉड्यूल्स एकाच वेळी चालतात. पण दोन मॉड्यूल्सच्या टेस्ट ८०८० हाच पोर्ट मागत असतील, किंवा एकाच डेटाबेस स्कीमावर लिहीत असतील, तर कधी पास, कधी फेल असा खेळ सुरू होतो. पोर्टला शून्य द्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट शोधून देते. स्कीमा मॉड्यूलगणिक वेगळी ठेवा.

कॅश चालू, पण उपयोग शून्य

ग्रेडलमध्ये बिल्ड कॅश (आधीच्या बिल्डचे निकाल साठवून पुन्हा वापरायची सोय) २०१७ साली, ३.५ आवृत्तीत आली. ती आपोआप चालू नसते, प्रॉपर्टीज फाइलमध्ये करावी लागते. तिचा उपयोग व्हायला टास्कचे इनपुट दर वेळी तेच राहायला हवेत; ते राहतात का हे पाहायला काहीही न बदलता तोच बिल्ड दोनदा चालवा. दुसऱ्या खेपेला टास्कसमोर ‘अप-टू-डेट’ यायला हवं. येत नसेल तर कुठला तरी इनपुट दर वेळी बदलतोय. बहुतेकदा तो प्रॉपर्टीज फाइलमध्ये लिहिलेला बिल्डचा टाइमस्टॅम्प असतो. तो फक्त रिलीज बिल्डमध्ये घाला. ‘प्रोफाइल’ फ्लॅग दिला की कोणता टास्क किती वेळ खातो त्याचा रिपोर्टही मिळतो.

मोठ्यांचं टूल म्हणून बेझेल

गुगलने २०१५ साली खुलं केलेलं बेझेल दमदार आहे, पण प्रत्येक पॅकेजची डिपेंडन्सी बिल्ड फाइलमध्ये नेमकी लिहावी लागते. एकाच रेपोत (कोडच्या साठ्यात) जावा, गो, पायथॉन सगळं असेल आणि बिल्ड सांभाळायला वेगळी माणसं असतील, तर जरूर घ्या. आठ जणांच्या निव्वळ जावा टीमला मी ते सुचवणार नाही.

आम्ही सध्या मेव्हनवरच आहोत. पैशांच्या गणिताचा भाग कॉमनमधून वेगळा काढला. आता त्यात बदल केला की सहाच मॉड्यूल्सच्या टेस्ट चालवाव्या लागतात. पुढचा नंबर लॉगिंगचा.