आकडा तपासा, मगच हिशेबाला घ्या

मुंबईत घरकर्जाचा हप्ता काढणारा कॅल्क्युलेटर बनवताय? मग माणसं रक्कम कशी टाकतात ते आधी बघा. कुणी ८५,००,००० असं स्वल्पविराम देऊन लिहितं, कुणी मागे ‘रु.’ लावतं, तर कुणाच्या फोनवर मराठी कीबोर्डच सुरू असतो.

इथे जावास्क्रिप्टच्या पार्सफ्लोटवर (मजकुरातून आकडा काढणाऱ्या फंक्शनवर) विसंबू नका. ‘८५,००,०००’ इंग्रजी आकड्यांत आलं की ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं आणि हातात ८५ ठेवतं. एररही येत नाही. पंच्याऐंशी लाखांच्या कर्जाला काही पैशांचा हप्ता दिसतो! नंबर फंक्शन याच मजकुराला सरळ नॅन (म्हणजे ‘हा आकडा नाही’) देतं, म्हणून तेच बरं. पण रिकाम्या रकान्याला ते शून्य मानतं, आणि व्याजदर शून्य झाला की हप्त्याच्या सूत्रात शून्याला शून्याने भागलं जातं.

म्हणून क्रम असा ठेवा: ट्रिम करा (मागची-पुढची मोकळी जागा काढा), रिकामं असेल तर तिथेच थांबवा. मग स्वल्पविराम काढा, देवनागरी अंक बदला (प्रत्येक अंकाच्या कॅरेक्टर कोडमधून, म्हणजे युनिकोडमधल्या क्रमांकातून, २४०६ वजा केले की झालं), नंबरमध्ये घाला आणि तो खरंच मर्यादित आकडा आहे का ते नंबर डॉट इझफायनाइटने तपासा. शेवटी मर्यादा: रक्कम आणि व्याजदर शून्याहून जास्त, मुदत पूर्णांकात.

रकान्याचा टाइप ‘टेक्स्ट’ आणि इनपुटमोड (फोनवर कोणता कीबोर्ड उघडायचा ते) ‘डेसिमल’ ठेवा. टाइप ‘नंबर’ असेल तर चुकीच्या मजकुराऐवजी रिकामी स्ट्रिंग, म्हणजे कोरा मजकूर, मिळते. नेमकं काय चुकलं ते सांगताच येत नाही. आणि ‘अवैध इनपुट’ लिहू नका हो, ‘व्याजदर टाका, उदा. ८.५’ असं लिहा.