कासव पाळायचंय? आधी टबचं माप घ्या

आधी एक गोष्ट क्लिअर करते. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव किंवा गावच्या ओढ्यात सापडलेलं आपलं देशी कासव घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, मग ते वास्तूसाठी असो नाहीतर कोणी २१ नखांचं, पैसा खेचणारं म्हणून लाखाच्या गप्पा मारत विकायला येवो. असं कुठे दिसलं तर वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन लावा. मी सांगतेय ते ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणाऱ्या लाल कानपट्टीवाल्या स्लायडरबद्दल, मूळचं अमेरिकेतलं, पाण्यात राहणारं.

आमचा बंड्या आणला तेव्हा दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासाच मोठा होता. दुकानदाराने प्लॅस्टिकचं माडाचं झाड चिकटवलेला एक बाऊल दिला आणि म्हणाला, ताई एवढंच राहतं हे. आज पाठ २४ सेंटीमीटर आहे! मादी ३० पर्यंतही जाते आणि नीट सांभाळलं तर २०-३० वर्षं आरामात जगतं, म्हणजे तुमचं पोरगं पाचवीत असताना आणलं तर त्याच्या लग्नातही असणार. पाठीच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी असा हिशोब धरतात. एवढा काचेचा टँक महाग पडतो म्हणून आम्ही गॅलरीत मोठा टब ठेवलाय, पण ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो वजन, तेव्हा गॅलरी किती पेलते ते आधी जाणकाराला विचारा मग टब भरा.

पाणी नळाचं चालतं, फक्त एक दिवस बादलीत उघडं ठेवायचं किंवा क्लोरीन घालवायचं औषध टाकायचं. कासव घाण भयंकर करतं, माशांचा नाही त्याच्या दुप्पट ताकदीचा फिल्टर घ्या आणि तरीही आठवड्याला पाव ते अर्धं पाणी बदलावं लागतंच. ते पाणी किचनच्या सिंकमध्ये अजिबात ओतू नका, त्यात साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, हात लावला की साबणाने धुवायचे, आणि लहान मुलांना पापे घेऊ द्यायचे नाहीत (घेतात हो!).

आता मेन मुद्दा, ऊन. पाण्याबाहेर येऊन पूर्ण सुकता येईल अशी कोरडी जागा लागतेच, तिथे ३२-३५ डिग्री आणि पाणी २४-२८. कवच घट्ट व्हायला उन्हातली यूव्हीबी किरणं लागतात आणि ती खिडकीच्या काचेतून येत नाहीत, हे मला माहीत नव्हतं, मी सहा महिने बाऊल बंद खिडकीशी ठेवून खूश होते आणि बंड्याची पाठ बोटाने दाबली तर दबायला लागली. डॉक्टरांनी यूव्हीबी ट्यूब लावायला सांगितली. साधा एलईडी चालत नाही, आणि ट्यूब पेटत असली तरी सहा महिने ते वर्षात बदलायची. शिवाय सकाळचं कोवळं ऊन वीसेक मिनिटं, अर्धी सावली ठेवून, आणि शेजारी बसून, कारण कावळे टपलेलेच असतात.

पुण्यात डिसेंबरमध्ये त्याने खाणं सोडलं तेव्हा सगळे म्हणाले शीतनिद्रा आहे, झोपू दे. कसली शीतनिद्रा, पाणी गार पडलं होतं. जाळी लावलेला वॉटर हीटर टाकला आणि तीन दिवसांत स्वारी परत ताटावर.

खाणं पाण्यातच टाकायचं, याला कोरड्यावर गिळता येत नाही. लहान असताना रोज पेलेट्स (कासवाच्या तयार खाण्याच्या गोळ्या), अधूनमधून गांडूळ किंवा कोळंबी, मोठं झालं की दिवसाआड आणि जास्त भर हिरव्यावर, पेलेट्सचा एकूण ढीग त्याच्या डोक्याएवढाच. नुसती सुकी कोळंबी देऊ नका, तिच्यात काही दम नाही. पालक रोज नको, कॅल्शियम अडवतो. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा (कटलबोनचा) तुकडा पाण्यात सोडून द्या, कुरतडत बसतं. पोळी, भात, दूध, नैवेद्य यातलं काहीही नाही, आईला हे पटवायला मला वर्ष लागलं, देवळात कासव असतं ना मग प्रसाद का नाही हा तिचा प्रश्न.

पाठीवरून हातावर वाळलेल्या फेव्हिकॉलसारखे पातळ पारदर्शक पापुद्रे निघाले तर घाबरू नका, वाढतंय ते. पण डोळे सुजले, नाकातून बुडबुडे आले, एका बाजूला कलून पोहायला लागलं किंवा कवचाला वास मारला तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर कासव बघत नाहीत, म्हणून आजारी पडायच्या आधीच एक शोधून ठेवा.

कंटाळा आला म्हणून तळ्यात मात्र सोडू नका, तिथल्या देशी कासवांचं खाणं आणि जागा हे पळवतं. दुसरं घर शोधा.

आणि नाव जरा विचार करून ठेवा, लहानपणी नर-मादी कळत नाही. सातव्या वर्षी आमच्या बंड्याने चार अंडी घातली. नर लागत नाही त्याला, फक्त अंडी घालायला ओल्या मातीचा खोका लागतो, नाहीतर अंडी आत अडकतात. आम्ही कुंडी रिकामी करून दिली, त्यात आईची तुळस होती.