शाळेत कॉम्प्युटर शिकवताय? आधी हात मागे बांधा आणि या चुका टाळा

नवीन शिक्षक आला की पहिल्या आठवड्यात मी त्याचा एक तास दारात उभा राहून बघतो. पोरगं बसलंय, स्क्रीनवरचा बाण कुठे हरवला ते शोधतंय, आणि सर दहा सेकंदांत मागून वाकून माउस काढून घेतात. टक, टक, टक. झालं. ‘‘कळलं?’’ ‘‘हो, सर.’’ काय डोंबल कळलं!

आमच्या मालवण तालुक्यात सहावी-सातवीतली पोरं खाडीत होडी नेतात. त्यांना शिकवताना कुणाच्या बापाने वल्हं स्वतःच्या हातात धरून ठेवलेलं मी तरी पाहिलं नाही. कॉम्प्युटरच्या खोलीत मात्र सगळं सरच चालवतात. म्हणून मी तासाला हात मागे बांधून फिरतो. स्क्रीनला बोटसुद्धा लावत नाही, तोंडाने सांगतो, ‘‘वर डावीकडे बघ. काय लिहिलंय? वाच.’’ याला वेळ लागतो. कधी कधी अख्ख्या तासात फोल्डर तयार करून त्याला नाव देण्यापलीकडे काही होत नाही. होऊ दे. अभ्यासक्रम संपवायची घाई असलेल्यांनी खुशाल व्याख्या पाठ करून घ्याव्यात. सीपीयूचं लांबलचक नाव घडाघडा म्हणणारी आणि पेनड्राइव्हवर फाइल कॉपी न येणारी मुलं मी ढिगाने पाहिलीत.

एका मशीनवर दोघं-तिघं बसतातच, त्याला इलाज नाही. पण ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो माउस सोडत नाही, आणि शेजारची मुलगी वहीच्या कडेला वेलबुट्टी काढत बसते. मी दर सात मिनिटांनी टेबलावर डस्टर आपटतो, की जागा बदलायची. यावर चर्चा नाही.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावर जास्त राग. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीतल्या एका मुलीने आमसुलं सुकवायच्या सौर पेटीवर चार पानं टाइप केली होती. पंधरा दिवस मधल्या सुट्टीत डबा खाऊन बसायची. फॉन्ट कृतीदेव, कारण मीच तो शिकवला होता. आदल्या संध्याकाळी आम्ही पेनड्राइव्ह घेऊन बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. फाइल उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. जिथे ‘मराठी’ होतं तिथे ‘ईजेकेबीएच’. पोर माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘सर, माजा लिवलेला खंय गेला?’’

गेलं कुठेच नव्हतं. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलीत मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचं सोंग देतो. दुकानातल्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता, सोंग उतरलं. युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात ‘म’ला ‘म’चाच क्रमांक असतो, त्यामुळे तो कुठल्याही मशीनवर आणि मोबाईलवर ‘म’च राहतो. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991ची. तरी अजून शाळांतून ‘आपली सवय आहे हो’ म्हणून जुनंच चाललंय. त्या रात्री तिने चारही पानं हाताने लिहिली. मी समोर बसून चहा पीत होतो, दुसरं करणार काय?

तेव्हापासून इन्स्क्रिप्ट, म्हणजे युनिकोडमध्ये मराठी टाइप करायचा कीबोर्ड. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की हा कीबोर्ड मिळतो, विकत काही घ्यावं लागत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. ‘के’च्या कळीवर ‘क’, शिफ्ट धरून ‘ख’. ‘एन’वर ‘ल’, शिफ्टने ‘ळ’. पहिले पंधरा दिवस पोरं कुरकुरतात आणि त्यांच्यापेक्षा जास्त शिक्षक कुरकुरतात. मग कुणीतरी हुशार म्हणतो, ‘‘सर, बोलून टाइप होतं की!’’ होतं ना. तीस मुलं एका खोलीत एकदम बोलून बघा. आणि बाहेर प्रिंटला द्यायची फाइल पीडीएफ करूनच द्यायची, म्हणजे पान दिसतं तसंच राहतं, हा आमच्याकडे नियम आहे.

आता मशीनचं. मे महिन्यात कुलूप लावलेली खोली 15 जूनला उघडायची आणि सरळ बटणं दाबायची, हा शुद्ध अडाणीपणा. खारा वारा आणि दमट हवा बिजागऱ्या सोडत नाही, तिथे रॅमच्या, म्हणजे मशीनच्या मेमरीच्या, पट्ट्या काय सोडणार? मशीन नुसतं बीप-बीप करत असेल तर मेन स्विच बंद करून रॅम काढा, सोनेरी टोकांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कचरा झटका, परत बसवा. माझी निम्मी मशीनं एवढ्यावर उठतात. प्लॅस्टिकची कव्हरं आतून घामेजतात. मी मशीनांवर जुन्या सुती साड्या पांघरतो. पावसात रोज अर्धा तास सगळी मशीनं चालू ठेवतो, स्वतःच्या उबेने सुकतात.

एका वर्षी जूनमध्ये दहापैकी सहा मशीनवर एकही वेबसाइट उघडेना. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ एवढंच. बाहेरून बोलावलेल्या माणसाने ‘व्हायरस’ म्हणून सगळं फॉरमॅट केलं. मुलांचं वर्षभराचं काम गेलं, पैसेही गेले, आणि दुसऱ्या दिवशी रोग परत हजर. मग माझं लक्ष कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलं. तारीख कित्येक वर्षं मागची! मदरबोर्डवर, म्हणजे मशीनच्या आतल्या मुख्य पाटीवर, घड्याळाचा सेल असतो, 3 व्होल्टचा, सीआर 2032 नावाचा. मशीन महिनोन् महिने प्लग काढून पडलं की तो उतरतो, घड्याळ मागे जातं, आणि वेबसाइटच्या प्रमाणपत्राची (साइट खरी असल्याच्या दाखल्याची) मुदत त्या चुकीच्या तारखेशी जुळत नाही. घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून सहा सेल आणले, तारीख लावली, मिटलं. फॉरमॅट हा शब्द ऐकला की अजून माझं डोकं तापतं.

बाकी किरकोळ. सगळ्यांना एकच पासवर्ड, तोही मॉनिटरला चिकटवलेला: नको. फाइलीचं नाव ‘न्यू 1’, ‘न्यू 2’ दिसलं की मी ती तपासत नाही. इयत्ता, हजेरी क्रमांक आणि विषय हवाच. ‘मोबाईल येतो म्हणजे कॉम्प्युटर येतो’ म्हणणाऱ्याला एक फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायला सांगा. गडगडायला लागलं की प्लगबरोबर इंटरनेटची वायरही काढा, वीज तिच्यातूनही येते. आणि यूपीएसच्या, म्हणजे लाईट गेल्यावर मशीन चालवणाऱ्या बॅटरीच्या, भरवशावर राहू नका, आमचा दीड मिनिटात मान टाकतो. दर परिच्छेदाला कंट्रोल-एस दाबून फाइल सेव्ह. माझ्या वर्गात लाईट गेल्यावर कोण ओरडतं ते ऐकून मला कळतं, कुणी दाबलं नव्हतं.