रममध्ये मुरलेली फळं: सप्टेंबरची बरणी, डिसेंबरचं ताट

बांद्र्याला मोतमाउलीची (माउंट मेरीची) जत्रा भरली की आमच्या वसईच्या घरात माळ्यावरून चिनी मातीची बरणी खाली उतरते. ८ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मदिवस, आणि लगतच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. त्या आठवड्यात फळं रममध्ये पडली की नाताळपर्यंत त्यांना साडेतीन महिने मिळतात. हा सासूबाईंचा नेम. त्या गेल्या, बरणी माझ्याकडे आली, आणि नेमही आला. दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुणी ना कुणी विचारतं, "आता भिजवली तर चालतील का?" चालतील. तीन आठवड्यांतही नाताळचा केक चांगला होतो. पण तीन महिने मुरलेला बेदाणा दाताखाली फुटतो तेव्हा आत रम वेगळी आणि गोडवा वेगळा लागत नाही. त्या चवीसाठीच हा खटाटोप.

एक किलो सुक्या फळांचं माझं प्रमाण असं: काळ्या मनुका २५० ग्रॅम, बेदाणे २५० ग्रॅम, बिया काढलेला खजूर १५० ग्रॅम, सुकेळी १५० ग्रॅम, अंजीर १०० ग्रॅम आणि साखरेत पाकवलेली पपनसाची साल १०० ग्रॅम. बाजारातली रंगीत टूटी-फ्रुटी मी घालत नाही. तिचा रंग रममध्ये उतरतो आणि मागे बेचव, रबरासारखे तुकडे उरतात. काजू-बदामही बरणीत नकोत, मऊ पडतात. ते केक करताना ऐनवेळी घालायचे.

सुकेळी हा आमच्या बरणीचा खास ऐवज. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की होतात ती सुकेळी: मधाच्या रंगाची, चिवट, बोटांना चिकटणारी. वसईत पूर्वी घरोघरी व्हायची, आता करणारी घरं कमी उरली आहेत. मिळाली तर दोन पैसे जास्त देऊन घ्या. कात्रीला तेलाचा हात लावून बेदाण्याएवढे तुकडे करा. रम प्यायली की ती चिवट सुकेळी लोण्यासारखी मऊ होतात, आणि केळ्याचा वास रमच्या वासात असा मिसळतो की खाणारा विचारतोच, यात काय आहे म्हणून. सुकेळी नसतील तर खजूर वाढवा, पण ती चव येणार नाही हे आधीच सांगते.

पपनस गणपतीच्या सुमारास बाजारात येतं, म्हणजे अगदी वेळेवर. आतला गर खाऊन टाका आणि साल ठेवा. वरचा पातळ हिरवा पापुद्रा सोलून काढायचा आणि पांढऱ्या जाड भागाच्या बोटभर लांबीच्या पट्ट्या करायच्या. पाणी घालून दहा मिनिटं उकळा, पाणी फेका. असं तीन वेळा करा, नाहीतर कडवटपणा राहतो. मग सालीच्या वजनाइतकी साखर आणि बुडेल एवढं पाणी घालून मंद आचेवर ठेवा. पट्ट्या काचेसारख्या आरपार दिसायला लागल्या आणि पाक जवळजवळ आटला की ताटात पसरून दोन दिवस वाळवा. संत्र्याची साल पातळ असल्याने वाळून कडक होते. पपनसाची जाड साल रम शोषून घेते.

आता खरी महत्त्वाची गोष्ट, पाणी. बाजारातल्या मनुकांवर बरेचदा तेलाचा हात असतो, त्यामुळे रम आत शिरायला वेळ लागतो. म्हणून मनुका-बेदाणे गरम पाण्यात एकदा बुचकळून लगेच उपसते. पण त्यानंतर ते पूर्ण कोरडे झालेच पाहिजेत. सप्टेंबरात वसईची हवा इतकी दमट असते की पंख्याखाली रात्रभर पसरूनही खालचं फडकं सकाळी ओलसर लागतं. मी ओव्हन अगदी मंद गरम करून बंद करते आणि त्यात पसरट ट्रे वीस मिनिटं ठेवते. बरणीसुद्धा धुऊन, उन्हात किंवा ओव्हनमध्ये खडखडीत वाळवलेली हवी. प्लास्टिकची बरणी नको.

पाण्याने काय होतं ते मी एकदा भोगलंय. ताज्या अननसाच्या फोडी रममध्ये मुरवून आइस्क्रीमवर घालायच्या, असं मनात आलं. पाऊण किलो फोडी काचेच्या बरणीत भरल्या आणि घरात होती तेवढी एक क्वार्टर रम ओतली. पाचव्या दिवशी झाकण फुगलं, उघडताच फस्सकन आवाज झाला आणि फोडींच्या कडेने बारीक बुडबुडे वर येत होते. सगळं फेकावं लागलं. हिशोब नंतर केला. आपल्याकडच्या रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं. १८० मिलीत ते ७७ मिली. पाऊण किलो अननसात साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास नुसतं पाणी. दोन्ही एकत्र झाल्यावर अल्कोहोल नऊ टक्क्यांवर आलं, आणि एवढ्यात यीस्ट मजेत वाढतं. याउलट वरच्या एक किलो सुक्या फळांना ७५० मिलीची आख्खी बाटली लागते, आणि फळांतलं थोडंसं पाणी धरूनही अल्कोहोल तीस टक्क्यांच्या वर राहतं, शिवाय फळांची साखर असतेच. म्हणून सुकी फळं टिकतात. ताजा अननस हवाच असेल तर फोडी साखरेच्या घट्ट पाकात शिजवा, गार करा, पाकाइतकीच रम घाला, फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा.

रम महागाची लागत नाही. गडद रंगाची साधी रम पुरते. एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो, बायकांनी जाऊन मागायला लाजू नये. मी तर दरवर्षी स्वतः जाते. ब्रँडीही चालते, तिने चव जरा हलकी होते. फेणीचा वास इतका पुढे येतो की खजूर-अंजीर मागे पडतात, म्हणून मी ती वापरत नाही. तरी रमच हवी असा काही धर्म नाही. केरळात तलश्शेरीच्या मांबळ्ळी बापू या बेकरीवाल्यांनी १८८३ साली मरडॉक ब्राऊन या साहेबासाठी नाताळचा केक केला, तेव्हा काजूच्या बोंडांची आणि केळ्यांची गावठी दारू वापरल्याचं सांगतात. हाताशी जे होतं त्यातून त्यांनी केक उभा केला. सुकेळी चिरताना मला हटकून त्यांची आठवण येते.

फळं बेदाण्याच्या आकाराची चिरून बरणीत भरा. दालचिनीचा एक तुकडा, चार लवंगा आणि पाव जायफळ ठेचून घाला. आधी ६०० मिली रम ओता, उरलेली ठेवून द्या. झाकण घट्ट लावा आणि त्यावर दादरा, म्हणजे तोंडावरचं फडकं, बांधा. नुसत्या दादऱ्यावर भागवू नका, रम उडून जाते. पहिले आठ दिवस रोज कोरड्या लाकडी चमच्याने तळापासून हलवा. फळं रम पितात आणि पातळी खाली जाते, तेव्हा उरलेल्यातली घालत राहा. पाच-सहा चमचे केकसाठी मागे ठेवायचे. त्यानंतर आठवड्यातून एकदा हलवलं तरी पुरतं. चमचा ओला नसावा, एवढं घरातल्या प्रत्येकाला बजावून सांगा.

केक मी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, पहिल्या आठवड्यात करते. आठ इंची टिनला बटर पेपरचे दोन थर लावायचे. १०० ग्रॅम साखर जाड बुडाच्या पातेल्यात कोरडीच वितळवायची. ती आधी सोनेरी, मग तांबूस आणि मग काळ्या कॉफीसारखी होते. धुराची पहिली रेघ दिसली की गॅस बंद करा, हात लांब ठेवा आणि पाव कप उकळतं पाणी थोडं थोडं घाला. ते जोरात उसळतं, म्हणून मुलांना जवळ उभं करू नका. हे जळक्या साखरेचं पाणी गार होऊ द्या. २२५ ग्रॅम लोणी आणि २०० ग्रॅम ब्राऊन शुगर हलकं होईपर्यंत फेटा, एकेक करून चार अंडी घाला, मग २२५ ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बदामपूड, अर्धा चमचा बेकिंग पावडर, दीड चमचा दालचिनी-जायफळ-लवंगेची पूड आणि चिमूटभर मीठ. शेवटी साखरेचं पाणी आणि बरणीतली निथळलेली ६०० ग्रॅम फळं. १५० अंशांवर सव्वादोन तास. सळई कोरडी आली की झालं. गार केकला सळईनेच भोकं पाडून दोन चमचे रम मुरवा, बटर पेपर आणि फॉइलमध्ये गुंडाळा, आणि नाताळपर्यंत आठवड्याला एक चमचा पाजा.

केक कापताना जो चुरा आणि कडा उरतात त्यांचे रम बॉल होतात. ३०० ग्रॅम चुरा, बारीक चिरलेली चार चमचे फळं, दोन चमचे कोको, १०० ग्रॅम वितळलेलं डार्क चॉकलेट आणि बरणीतला दोन चमचे रस. मळून लिंबाएवढे गोळे करा आणि सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवा. नेवऱ्यांतही, म्हणजे करंज्यांत, ही फळं छान लागतात, पण मुठीत दाबून चांगली पिळून घ्या आणि फळांच्या दुप्पट, भाजलेल्या रव्यात मिसळा. ओलं सारण तळताना नेवरी फोडतं आणि तेल अंगावर उडतं.

भेट द्यायला २०० मिलीच्या काचेच्या बाटल्या घ्या. पाण्यात दहा मिनिटं उकळून, पूर्ण वाळवून, फळं दाबून भरा आणि वर बोटभर रस राहू द्या. अंधाऱ्या, गार कपाटात वर्षभर टिकतात. चिठ्ठीवर तारीख, आत काय काय आहे ते आणि "यात रम आहे" हे मोठ्या अक्षरांत लिहा.

हे शेवटचं मी फार गंभीरपणे सांगते. आमच्या ओळखीतल्या एकांनी मोठ्या कष्टाने दारू सोडली होती. नाताळला घरी आले आणि मी कौतुकाने केक पुढे केला. एक घास घेतला, थांबले, तुकडा नाकाशी नेला आणि काही न बोलता बशीत ठेवला. बशी त्यांनी हळूच टेबलाच्या मधे सरकवली. मला तेव्हा कळलं. ओव्हनमध्ये सगळी रम उडून जाते हा समज खोटा आहे, तासभर भाजूनही काही अंश राहतो, आणि वरून पाजलेली रम तर तशीच असते. तेव्हापासून मी दोन केक करते. दुसऱ्याची फळं संत्र्याच्या ताज्या रसात, आल्याच्या तुकड्याबरोबर, एक रात्र फ्रिजमध्ये भिजवते. तो केक चार दिवसांत संपवायचा. शेजारच्या काकूंकडून दिवाळीचा फराळ येतो, त्यांच्या ताटात हाच जातो, आणि मुलांच्या ताटातही. ताटावर क्रोशाचा रुमाल घालण्याआधी कुठला केक कुणाचा, हे मी दोनदा तपासते.

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की बरणीच्या तळाशी मूठभर फळं आणि काळसर, पाकासारखा रस उरतो. व्हॅनिला आइस्क्रीमवर तो चमचाभर घातला तर दुसरं काही नको. पण सगळा संपवू नका. मूठभर तशीच राहू द्या, दोन झाकणं रम घाला, दादरा बांधा आणि बरणी माळ्यावर ठेवा. सप्टेंबरात नवी फळं त्यांच्यावरच पडतील.